फोटो मी हलवले होते, बशीरभाई

बशीरभाई, आपलं भांडण अर्धवट टाकून तुम्ही गेलात. एरवी तुमची रीत अशी नव्हती. भांडण उकरून काढायचं, पोटभर भांडायचं, शेवटचा शब्द स्वतःकडे ठेवायचा आणि मग "जा, चहा टाक" म्हणून मलाच कामाला लावायचं. या वेळी शेवटचा शब्द माझ्याकडे राहिला आहे आणि मला त्याचं ओझं झालं आहे.

लोक तुमच्याबद्दल फार चांगलं बोलताहेत. मेल्या म्हशीला मणभर दूध, असं तुम्हीच एकदा दुसऱ्याच्या मयतीत माझ्या कानाशी लागून म्हणाला होतात आणि हसू आवरेना म्हणून मला उठून बाहेर जावं लागलं होतं. म्हणून मी आपलं खरं तेच बोलते. तुम्ही तापट होतात. बढाईखोर होतात. साखर वाढलेली असताना खिशात चॉकलेट फजचे तुकडे ठेवायचात आणि भाभींनी पकडलं की "वैशालीनं दिलं" म्हणत माझ्यावर ढकलून मोकळे व्हायचात. लोणावळ्याच्या पॉइंटवर गळ्यात कॅमेरा अडकवून पर्यटकांचे फोटो काढण्यात तुमची उमेदीची वर्षं गेली, पण कुणी 'पॉइंटवरचे फोटोवाले' म्हटलं की तुमचं डोकं फिरायचं. "फोटोवाला फोटो विकतो," तुम्ही म्हणायचात. "मी काढतो."

आणि तुम्ही काढायचात, हेही खरं आहे. गिऱ्हाईक नसायचं तेव्हा तुम्ही स्वतःसाठी जे काढलेत, ते फोटो बघून मी पहिल्यांदा गप्प बसले होते. पुढे जो तो आपल्याच मोबाइलवर फोटो काढायला लागला, तुमचा धंदा बसला आणि तुम्ही भाड्यानं जाणाऱ्या बंगल्यांचे फोटो काढायला लागलात. मी तेव्हा नवलाख उंबरे गावाहून नुकती लोणावळ्यात येऊन वेबसाइट बनवायचं काम शोधत होते. तुम्ही मला घेऊन बंगलेवाल्यांच्या दारोदार फिरलात. "ही आमची वैशाली. काम एकदम चोख," असं सांगत सुटलात. तोवर मी एकही काम केलेलं नव्हतं. माझं पहिलं काम तुमच्या थापेवर मिळालं, आणि ती थाप निभावताना मी काम शिकले.

मग साखरेनं तुमचे डोळे नेले. आधी एक धूसर झाला, मग दुसरा, मग काहीच उरलं नाही. तुम्ही त्यावर कधी रडगाणं गायला नाहीत, पण कॅमेरा कपाटात वर ठेवायला सांगितलात आणि पुन्हा कधी खाली काढू दिला नाहीत. वर्षभरात तुम्ही बोलणारा फोन शिकलात. स्क्रीनवर बोट सरकवलं की त्यातली बाई जे असेल ते वाचून दाखवायची. तुम्ही तिला 'फोनवाली' म्हणायचात. तिच्या मदतीनं तुम्ही मी बनवलेल्या साइटी ऐकायला लागलात आणि माझे वाईट दिवस सुरू झाले.

पहिलं भांडण मथळ्यांवरून झालं. पानावरचा मुख्य मथळा कोणता, त्याच्या पोटातले कोणते, हे फोनला कळावं म्हणून मथळ्यांना पायऱ्या द्यायच्या असतात. मग ज्याला दिसत नाही तो मथळ्यावरून मथळ्यावर उडी मारत हवं तिथे पोचतो. मी काय करायची, तर अक्षर मोठं दिसावं म्हणून वाटेल त्या ओळीला पहिल्या पायरीचा मथळा करून टाकायची. बंगल्याचं नाव मथळा, 'आजच फोन करा' मथळा, 'पार्किंगची सोय' तोही मथळा. "अगं, वरातीत सगळेच घोड्यावर बसवलेस," तुम्ही म्हणालात. "नवरा कोण, ते तरी कळू दे." ते मी त्याच आठवड्यात दुरुस्त केलं. मथळे नीट असले की सर्चमध्येही साइट वर येते, म्हणजे माझाही फायदा होता. जिथे माझा फायदा होता तिथे मी तुमचं लगेच ऐकलं, हे मला आता दिसतंय.

दुसरं भांडण फोटोंचं, तेच राहून गेलं. ज्या शेठचं पहिलं काम तुम्ही मला मिळवून दिलं होतंत, त्यांच्या साइटवर मी 'आसपासची ठिकाणं' असं एक पान केलं आणि त्यावर तुमचे जुने फोटो लावले. तुम्हाला तेव्हा थोडं दिसत होतं. शेजारी खुर्ची ओढून, नाक स्क्रीनला लावून तुम्ही त्यांचा क्रम ठरवलात. आधी दरीतून वर येणारं धुकं. मग घोडेवाला. मग एका छत्रीत उभं राहून एकमेकांशी न बोलणारं नवं जोडपं. मग धबधब्याकडे पाठ करून दाढी करणारा ड्रायव्हर. "ह्यातला एक जरी इकडचा तिकडे केलास तर याद राख," तुम्ही दम दिला होतात.

आता तुम्हाला ठाऊक असलेलंच सांगते, पण हे वाचणाऱ्या दुसऱ्या कुणाला कळावं म्हणून सांगते. वेबसाइटवरच्या प्रत्येक फोटोमागे एक ओळ लिहिता येते. डोळसाला ती दिसत नाही. अंध माणसाचा फोन ती वाचतो आणि फोटोत काय आहे ते त्याला कळतं. आमच्यात तिला ऑल्ट टेक्स्ट म्हणतात. सर्चसुद्धा ती ओळ वाचतो, आणि आमच्यासारखे लोभी लोक तिथेच घसरतात. मी तुमच्या प्रत्येक फोटोमागे एकच ओळ चिकटवली होती. लोणावळा बंगला, स्वस्त बंगला, स्विमिंग पूलवाला बंगला.

"वैशाली, ही फोनवाली माझ्या धुक्याला बंगला म्हणते," तुम्ही म्हणालात.

"ते सर्चसाठी आहे, भाई."

"मग माझ्यासाठी काय आहे?"

मी लिहिते म्हटलं. एकदा लिहिलंही. 'धुक्यातली दरी.' तुम्ही ते ऐकून असे उखडलात की भाभी स्वयंपाकघरातून धावत आल्या. "दरीत धुकं असतंच. त्यात मी काय केलं? घोड्याचा नुसता कान दिसतोय ते लिही. रेलिंगवर कुणीतरी विसरलेला स्वेटर आहे तो लिही. शेवटी 'फोटो: बशीर' लिही." मी म्हटलं, ही ओळ आखूडच पाहिजे, एक नाही तर दोन वाक्यं, लांबण लावली तर ऐकणारा कंटाळतो, आणि नाव फोटोत दिसत नाही, ते खाली वेगळं लिहायचं. मी बरोबर होते. आजही तेच म्हणेन. पण तुम्हाला लांब हवं आणि मला आखूड, एवढ्या निमित्तावर मी हात झटकले. आपलं एकमत होईस्तोवर जुनीच ओळ राहू दे, असं म्हणून मी तुमच्या धुक्यामागे पुन्हा बंगला लावून दिला. आणि माझ्या स्वतःच्या साइटवर काय लिहिलं होतं? 'अंध व्यक्तींनाही वापरता येतील अशा वेबसाइट.' ते वाक्य मात्र मी अगदी नियमाप्रमाणे, पहिल्या पायरीच्या मथळ्यात ठेवलं होतं.

मग शेठना साइट बदलायची होती. लोकांना स्विमिंग पूल बघायचा असतो, धुकं फुकट मिळतं, असं त्यांचं म्हणणं. मी सगळी पानं नव्यानं लावली. पुलाचे, बार्बेक्यूचे, गादीवर गुलाबाच्या पाकळ्यांचे फोटो वर आले, तुमचे त्यांच्या मधेमधे विखुरले. प्रत्येकामागे तीच ओळ होती. तुम्हाला एक फोन करून सांगावं हे माझ्या डोक्यातही आलं नाही. तुमचा दम मी विसरले होते.

थोड्या दिवसांनी तुमचाच फोन आला. "काय गं, फोटो इकडचे तिकडे केलेस का?"

"हो, शेठना पूल वर पाहिजे होता."

मी शिव्या खायची तयारी केली. "बरं केलंस," तुम्ही म्हणालात. "पूलच विकतो." मग माझ्या आईच्या गुडघ्याची चौकशी केलीत आणि फोन ठेवलात. त्यानंतर तुम्ही फोटोंवरून माझ्याशी एकदाही भांडला नाहीत. मला वाटलं, सुटले बाई एकदाची.

तुम्ही गेलात ते मेंदूत रक्तस्राव होऊन, सकाळी चहाचा कप हातात असताना. तुमच्या जियारतीच्या दिवशी, तिसऱ्या दिवसाचं सगळं आटोपल्यावर, मी बायकांमध्ये बसले होते. भाभींनी सगळ्यांसमोर माझा हात धरला आणि म्हणाल्या, "हीच ती वैशाली. ह्यांच्यासाठी लय केलं पोरीनं. ह्यांचा एकेक फोटो हिनं असा लिहून ठेवला हुता की फोन सगळा वाचून दाखवायचा." बायका माझ्याकडे कौतुकानं पाहायला लागल्या. कुणी म्हणालं, आजकाल आंधळ्या माणसाचा एवढा विचार कोण करतं. शेजारच्या मावशींनी पाठीवरून हात फिरवला. मला काही कळेना. मी मान खाली घातली आणि त्यांना ती नम्रता वाटली.

मग हळूहळू उलगडलं. तुम्ही कानात इयरफोनची एक गोळी घालायचात, फोन घरच्यांसमोर धरायचात, बोट सरकवायचात आणि सांगायचात. हे धुकं बघा. हा घोड्याचा कान. आणि हे कोण सांगतंय? तर फोनवाली सांगतेय, आमच्या वैशालीनं लिहिलंय. इयरफोन कशासाठी, ते एकट्या मलाच कळलं. तुमच्या कानात फोन बंगला, बंगला, बंगला करत असायचा आणि तुम्ही तोंडानं पाठ केलेला क्रम म्हणत असायचात. आपल्या फोटोंना कुणी एक धड ओळ दिली नाही हे तुम्हाला चारचौघांत कळू द्यायचं नव्हतं. आणि मला चोख म्हणायची सवय तुम्हाला सुटली नव्हती.

भांडी आवरायला मी भाभींच्या मागून ओट्यापाशी गेले. तिथे कुणी नव्हतं. तिथे त्यांनी मला ते सांगितलं.

तुमच्या रुबिनाला बघायला उर्से गावाहून माणसं आली होती. जेवणं झाली, आणि तुम्ही नेहमीप्रमाणे फोन काढलात. होणाऱ्या व्याह्यांपुढे धरलात आणि म्हणालात, "हे बघा, दरीतून धुकं वर येतंय, आणि त्यात घोड्याचा नुसता कान." स्क्रीनवर पुलात मोठ्या पिवळ्या बदकावर बसलेला एक उघडाबंब माणूस होता. तुम्ही बोट सरकवलंत आणि नव्या जोडप्याबद्दल सांगायला लागलात, तर समोर पनीरच्या सळया. पाहुण्यांनी एकमेकांकडे पाहिलं. रुबिनानं हळूच तुमच्या हातातून फोन काढून घेतला आणि म्हणाली, अब्बा, चहा घ्या. माणसं भली, त्यांनी सोयरीक केली. पण ती गेल्यावर भाभींनी विचारलं तेव्हा तुम्ही एवढंच म्हणालात, "डोक्यातून गेलं. वय झालं."

"तवाच मला कळाया पाहिजे हुतं," भाभी म्हणाल्या. त्या ताट घासत होत्या आणि तेच ताट पुन्हा पुन्हा घासत होत्या. "फोन वाचून दाखवतोय आन् हे भलतंच बोलत्यात. म्हंजी डोक्यात कायतरी व्हायला लागलं हुतं ना तवापासनं? डॉक्टरकडं न्यायचं सोडून मी त्यांच्यावरच चिडले, पाव्हन्यांसमोर शोभा केली म्हणून. तवा नेलं असतं तर वाचले असते. माझ्यामुळं गेले ते, वैशाली."

बशीरभाई, तेव्हा माझ्याकडे एकच वाक्य होतं आणि ते सोपं होतं. भाभी, त्यांचं डोकं ठिकाणावर होतं, फोटो मी हलवले होते. बाहेरच्या खोलीत त्या बायका बसल्या होत्या. मी म्हटलं, "असं काही नसतं, भाभी. जिवाला लावून घेऊ नका." ताट त्यांच्या हातातून घेतलं, पुसून मांडणीत ठेवलं आणि घरी आले.

नंतरचे दिवस मी कसे काढले ते विचारू नका. काम करत होते, जेवत होते, हसतही होते. रोज ठरवायची की आज फोन करून सांगते, आणि रोज काहीतरी निघायचं. तुम्ही मला न विचारता जगापुढे शहाणी ठरवलंत, याचा मला रागसुद्धा आला. हे म्हणजे चोर तो चोर वर शिरजोर, पण आला. उर्सेची माणसं गेल्यावर तुम्ही मला फोन केलात, तेव्हा शिव्या का घातल्या नाहीत? "फोटो हलवलेस आणि माझं हसं झालं," असं म्हणाला असतात तर मी त्याच संध्याकाळी सगळं लावून दिलं असतं. निदान मला तसं वाटतं. पण ते म्हणायचं तर भाभींच्या कानावर गेलं असतं, फोन वाचत नाही हे घरी कबूल करावं लागलं असतं, आणि तुमची ऐट आणि माझी अब्रू दोन्ही एकदमच गेल्या असत्या. तुम्ही दोन्ही वाचवल्यात आणि स्वतःच्या डोक्यावर वेड घेतलंत.

शेवटी गेले. भाभींचे इद्दतीचे दिवस होते, नवऱ्यामागे चार महिने दहा दिवस घर सोडायचं नाही, म्हणून त्या घरातच होत्या. एकट्या बसून तांदूळ निवडत होत्या. मी तुमचा फोन मागितला, इयरफोन लावला नाही, आवाज मोठा केला आणि ते पान उघडून बोट सरकवलं. लोणावळा बंगला, स्वस्त बंगला, स्विमिंग पूलवाला बंगला. पुन्हा सरकवलं. लोणावळा बंगला, स्वस्त बंगला. भाभींचा हात परातीत थांबला.

"हे काय म्हणतीय ही?"

"फोन हेच म्हणायचा, भाभी. पहिल्यापासून हेच. मी दुसरं काही धड लिहिलंच नव्हतं. भाईंना फोटोंचा क्रम पाठ होता, त्यावर ते सांगायचे. उर्सेची माणसं यायच्या आधी तो क्रम मी बदलला. त्यांना सांगितलं नाही. त्यांच्या डोक्याला काही झालेलं नव्हतं."

त्यांनी माझ्या हातातून फोन घेतला आणि स्वतः बोट सरकवत राहिल्या. तुमचा एकेक फोटो यायचा आणि फोन त्याला बंगला म्हणायचा.

"हे ऐकत बसायचे व्हय ते?" त्या म्हणाल्या. "कानात हे, आन् तोंडानं ते सगळं?"

मी हो म्हटलं.

"म्हंजी त्यांना सगळं ध्यानात हुतं."

"सगळं."

त्यांनी ओढणीचा पदर तोंडाला लावला. मला वाटलं रडताहेत, पण आधी त्या हसत होत्या. "लबाड मानूस," म्हणाल्या. "मला सुदिक फशिवलं." मग रडल्या. मी काय करणार, बसून राहिले. पाठीवरून हात फिरवायचा धीर मला झाला नाही.

डोळे पुसून त्यांनी परात बाजूला सारली. "आता हितंच बसून नीट लिही. मी सांगते." मी लॅपटॉप उघडला. आधी तुमचे फोटो तुमच्या क्रमानं वर आणले, शेठना काय वाटेल ते वाटो. मग भाभी सांगत गेल्या, तुमच्याच शब्दांत, कारण त्यांनी ते इतक्यांदा ऐकले होते की त्यांनाही पाठ झाले होते. दरी कुठे संपते ते कळत नाही. घोड्याचा कान आधी आला आहे, घोडा मागून येतोय. रेलिंगवर कुणाचा तरी स्वेटर राहिलाय. मग घोडेवाल्याचा फोटो आला, मी दोनच वाक्यं घ्यायला निघाले तर त्या म्हणाल्या, "आन् घोडेवाल्याचं पोट दुखत हुतं त्या दिवशी, तरी हसतोय, ते लिही." मी सांगितलं की जे फोटोत दिसत नाही ते या ओळीत लिहीत नाहीत. "दिसतंय की," भाभी म्हणाल्या. "नीट बघ." मी फोटो मोठा केला. त्याचा एक हात खरंच पोटावर होता. इतकी वर्षं हा फोटो माझ्याकडे होता आणि मी तो हात पाहिला नव्हता. मी लिहिलं.

तुमचं सगळं पान झालं. बाकीच्या साइटी अजून तशाच आहेत, खोटं कशाला बोलू. त्यांच्या मालकांना न विचारता एकेक करून बदलते आहे आणि रोज मला माझीच तीच ती ओळ पुसावी लागते. माझ्या साइटवरचं ते अंध व्यक्तींबद्दलचं वाक्य मात्र त्याच रात्री काढून टाकलं.

त्या दिवशी निघताना मी दारात चपला घालत होते. भाभी चौकटीला टेकून उभ्या होत्या. रागानं नाही, साधंच विचारलं त्यांनी.

"जियारतीला मी तुला वट्यापाशी सांगितलं, तवाच का न्हाई बोललीस? मी रोज तेच उगाळीत बसले."

"धीर झाला नाही, भाभी," मी म्हटलं.

त्या "बरं" म्हणाल्या आणि त्यांनी दार लोटून घेतलं.

ते खोटं होतं, बशीरभाई. तुम्हाला तरी खरं सांगते. धीर होता, वाक्यही तोंडात तयार होतं. पण बाहेरच्या खोलीत बायका माझं कौतुक करत होत्या, आणि मला ते अजून थोडा वेळ ऐकायचं होतं.